माल ठेवून घेतला आणि गप्प राहिलात? या चुका टाळा

टॉवेलच्या गाठी दुकानात उतरल्या. एक फोडून पाहिली तर वजन कमी, रंग फिका. "पैसे मागायला येतील तेव्हा बघू," म्हणत मालकांनी गाठी कोपऱ्यात लावल्या आणि दिवाळीच्या गर्दीत त्यातले 20 डझन विकलेही. सोलापुरात ही चूक मी वारंवार पाहतो, आणि दर वेळी जीव हळहळतो. एका मेसेजने ती टळली असती.

विकलं की माल स्वीकारलाच. मालविक्री कायदा 1930, कलम 42 सांगतं: मालाशी मालकासारखं वागलात, किंवा नकार न कळवता वाजवी मुदतीपलीकडे तो ठेवून घेतलात, की झाली संमती. जांगडावर (पसंत नसेल तर परत, या बोलीवर) आणलेल्या मालालाही कलम 24 तोच न्याय लावतं. परतीची तारीख ठरलेली असेल तर ती उलटताच माल तुमचा. म्हणून चिठ्ठीवर 'जांगड' हा शब्द आणि तारीख, दोन्ही हवेत.

माल देणारा सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून नोंदलेला असेल (अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत असे अनेक आहेत), तर 2006 चा एमएसएमई कायदा आणखी कडक आहे. 15 दिवसांत लेखी हरकत नसेल, तर माल हातात पडला तोच दिवस स्वीकृतीचा. पैशांची मुदत तिथून मोजायची, आणि ती 45 दिवसांपलीकडे ताणता येत नाही. फोनवर "माल बरोबर नाही हो" म्हणून भागत नाही, लिहूनच कळवा.

उलटी चूक माल देणाऱ्यांची. "आठ दिवसांत उत्तर नाही आलं तर सौदा पक्का," असं लिहून कुणी बांधला जात नाही. 'मौनं संमतिलक्षणम्' ही म्हण करारात चालत नाही. 1862 च्या फेल्टहाउस विरुद्ध बिंडले खटल्यात काकांनी पुतण्याला घोड्याबद्दल असंच लिहिलं होतं. पुतण्याने उत्तर दिलं नाही, आणि इंग्लंडच्या कोर्टाने करार झालाच नाही असं ठरवलं.

नकार देताना गाठी टेम्पोत घालून परत धाडायची घाई नको. वेगळं काही ठरलं नसेल तर कळवणं पुरेसं आहे (मालविक्री कायदा, कलम 43).

आणि उशीर झालाच असेल तर? उरलेला माल विकणं आजच थांबवा, गाठींचं वजन करून फोटो काढा, लेखी कळवा. माल परत करायचा हक्क गेला, तरी दर्जा कमी असल्याबद्दल त्याच कायद्याच्या कलम 59 खाली किमतीत वजावट मागता येते.