डी ड्राइव्हवरची कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे: घरच्या फाइलींची तयारी

पहिलं काम म्हणजे एक गैरसमज काढून टाकायचा. दुरुस्तीवाला फॉरमॅट मारतो तेव्हा सी ड्राइव्ह पुसला जातो आणि डी शाबूत राहतो, म्हणून ‘महत्त्वाचं सगळं डी मध्ये आहे’ असं घरोघरी ऐकू येतं. पण बहुतेक घरांत सी आणि डी हे एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही गेले.

मग कागद घ्या आणि जे गेल्यावर पुन्हा मिळणार नाही तेवढंच लिहा. विंडोज पुन्हा टाकता येतं, आधार डिजिलॉकरमधून काढता येतं. घरचे फोटो, आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग, टॅलीचा डेटा, जुन्या खरेदीखताचं स्कॅन हे यादीत हवंच. घरात कुणी श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा युनिकोडपूर्व जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं असेल, तर फाइलींसोबत तो फॉन्टही जपा आणि एक पीडीएफ काढून ठेवा. फॉन्ट नसेल तर फाइल उघडते, पण वाचता काही येत नाही.

त्या फोल्डरांची प्रॉपर्टीज बघून एकूण किती जीबी होतात ते मोजा आणि दुप्पट-तिप्पट क्षमतेची एक्स्टर्नल डिस्क घ्या. इथे साधी हार्ड डिस्क पुरते. एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली चिपवरची डिस्क, महागही पडते, शिवाय दीर्घकाळ विजेविना पडून राहिली तर तिच्यातला डेटा खराब होऊ शकतो. पेन ड्राइव्ह फाइली इकडून तिकडे न्यायला ठीक, भरवशाला नाही.

छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला 3-2-1 चा हिशेब घरालाही लागू पडतो: 3 प्रती, 2 वेगवेगळ्या माध्यमांवर, त्यातली 1 घराबाहेर. घराबाहेरची प्रत क्लाउडवर ठेवा, नाहीतर बहिणीच्या कपाटात दुसरी डिस्क ठेवा. गुगलचे फुकट 15 जीबी जीमेल, ड्राइव्ह आणि फोटो मिळून असतात, ते लवकर भरतात. अपलोडचा वेगही तपासा. 20 एमबीपीएसने 200 जीबी चढायला सलग 22 तास लागतात.

सिंक, म्हणजे लॅपटॉप आणि क्लाउडवरच्या फाइली आपोआप सारख्या ठेवणं, चालू आहे म्हणून मात्र निर्धास्त राहू नका. लॅपटॉपवर फाइल उडवली की ती क्लाउडवरूनही उडते; गुगल ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये ती 30 दिवसच टिकते. डिस्कही काम झालं की काढून ठेवायची. मे 2017 मधल्या ‘वॉनाक्राय’सारखं रॅन्समवेअर, म्हणजे फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस, जोडलेल्या डिस्कवरच्या फाइलींनाही कुलूप घालतं.

आपोआप बॅकअप घेणारी सोय विंडोजमध्ये फाइल हिस्टरी आणि मॅकवर टाइम मशीन या नावाने आयती मिळते. फाइल हिस्टरी मुळात डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरावीक फोल्डरच घेते; डी ड्राइव्हवरचे फोल्डर विंडोजच्या ‘लायब्ररी’ या फोल्डरांच्या यादीत आपण होऊन जोडावे लागतात. हे बहुतेकांचं राहून जातं.

पहिला बॅकअप झाला की त्याच दिवशी चार-पाच फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर परत काढून उघडून बघा, त्यात एक जुना फोटो आणि एक व्हिडिओ असू द्या. बिटलॉकर, म्हणजे डिस्कला कुलूप घालणारी विंडोजची सोय, चालू असेल तर त्याची 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घरातल्या आणखी एकाला जागा दाखवा. डिस्कवर तारखेची चिठ्ठी चिकटवा आणि पुढची तारीख वीजबिल भरायच्या दिवसाला जोडून टाका.