जुन्या बी-२७५ ला दुसऱ्या ट्रॅक्टरचा पार्ट बसतो का, हे कसं बघायचं

दुकानात जाऊन नुसतं "२७५ चे पिस्टन द्या" असं म्हणू नका. मी म्हणालो होतो, दुकानदाराने काही विचारलं नाही आणि मीही काही सांगितलं नाही, घरी येऊन खोकं उघडलं तर आत तीनच पिस्टन! आमचं ट्रॅक्टर चार सिलिंडरचं.

घोळ नावाचा आहे. जुनं बी-२७५ म्हणजे मूळ इंग्लंडच्या ब्रॅडफर्डचं, इंटरनॅशनल हार्वेस्टरचं मॉडेल, १९६३ साली महिंद्राने त्यांच्यासोबत कंपनी काढली आणि मग ते आपल्या कांदिवलीत बनायला लागलं. ३५ एचपी, बीडी-१४४ इंजिन. महिंद्राचं २७५ डीआय हे वेगळंच, तीन सिलिंडर, २०४८ सीसी. म्हणून आधी बॉनेट उघडून डिझेल फवारणारी नोझल मोजा, जितकी नोझल तितके सिलिंडर, कागदावर काय लिहिलंय ते नंतर.

इंजिनच्या आतल्या पार्टसाठी एक सोपा हिशोब सांगतो, सीसीला सिलिंडरने भागायचं. २०४८ भागिले ३ म्हणजे ६८२ च्या वर, आणि महिंद्राच्याच ४७५ डीआयचे २७३० भागिले ४, तेवढेच! म्हणजे त्या दोघांचं गोत्र एक, पिस्टनचं विचारायला हरकत नाही (तरी पार्ट नंबर जुळवूनच घ्या, पिनपासून वरपर्यंतची उंची वेगळी असू शकते). आपल्या बी-२७५ चे साधारण २३६० सीसी, भागिले ४ म्हणजे ५९०. संपला विषय, बोअरच (सिलिंडरचा आतला व्यास) वेगळा.

ऑनलाइन इंग्लंडहून मागवणारे इंटरनॅशनलच्याच बी-४१४ ट्रॅक्टरच्या पिस्टन सेटवर फसतात. दोन्हींचा स्ट्रोक (पिस्टनचा वर-खाली प्रवास) ४ इंचच आहे, त्यामुळे चालेल असं वाटतं, पण आपल्या बीडी-१४४ चा बोअर ३ इंच ३ सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि ४१४ मधल्या बीडी-१५४ चा ३ इंच ४ सूत. एका सुताने सगळं अडतं.

आता जे बिनधास्त चालतं ते. बेरिंगला ट्रॅक्टरचं नाव लागतच नाही, कडेवरचा नंबर वाचायचा, ६२०६ असेल तर आतून ३० बाहेरून ६२ जाडी १६ मिमी, मग ते मोटरीचं असो नाहीतर थ्रेशरचं. ऑइल सील पण तसंच, आतलं माप, बाहेरचं माप, जाडी. मागे ६ स्प्लाइनचा (म्हणजे ६ दात्यांचा), १ इंच ३ सुताचा पीटीओ, म्हणजे औजार फिरवणारा शाफ्ट, असेल तर त्या मापाचा जॉइंट कुठल्याही कंपनीचा बसतो. औजार जोडायच्या लिंकेजच्या पिना मात्र मोजा, कॅटेगरी १ ला खालची २२ मिमी, २ ला २८.

क्लचप्लेट नेताना जुनी सोबतच न्या. नुसता व्यास बघून भागत नाही, स्प्लाइन मोजा आणि नवीन प्लेट घरच्या शाफ्टवर हाताने सरकवून बघा, अडकली तर ठोकून बसवू नका, परत करा.

आणि बोल्ट! जुन्या बी-२७५ ला इंची आटे आहेत. ३ सुताचा बोल्ट १० मिमीच्या आट्यात दोन-तीन फेरे छान जातो, थोडा ढिला वाटतो, मग पाना लावला की आटे खातो आणि तुम्ही बसा हाउसिंग घेऊन लेथवाल्याच्या दारात. आटे मोजायचं पिच गेज शंभर-दोनशेला मिळतं, घेऊन ठेवा.