छापखान्यातलं वेस्टेज: सुरुवात काउंटरपासून करा

कऱ्हाडला आमचा छोटा ऑफसेट प्रेस आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, लेटरहेड, देवस्थानच्या पावत्या, निवडणूक आली की हँडबिलं. सासऱ्यांच्या काळात ट्रेडल, म्हणजे खिळ्यांचं जुनं छपाई मशीन होतं, आता पंधरा बाय वीस इंचांचं मिनी ऑफसेट आहे. काउंटर आणि हिशेब माझ्याकडे, मशीन मामांकडे. नवीन प्रेस टाकलेली पोरं येतात आणि विचारतात, "काकू, वेस्टेज कमी कसं करायचं?" विचारताना सगळ्यांची नजर मशीनकडे असते. मशीनवर सेटिंगला पन्नास-शंभर शीट जाणारच. काउंटरवर ऑर्डर चुकीची लिहिली गेली की कागद, प्लेट (जिच्यावरून छाप उमटते तो पत्रा), शाई, मजुरी सगळंच रद्दीत जातं, आणि गिऱ्हाईक तोंड फिरवतं ते वेगळंच. म्हणून आधी काउंटर नीट करा.

पहिलं काम म्हणजे "मागच्यासारखंच करा" या वाक्यावर ऑर्डर घेणं बंद करा. गिऱ्हाइकाच्या डोक्यातलं मागचं वेगळं आणि आपल्या कॉम्प्युटरमधलं मागचं वेगळं असतं. मधल्या काळात त्यांचा फोन बदललेला असतो, दुकान हललेलं असतं, भागीदार सुटलेला असतो. जुन्या कामाची एक प्रत समोर ठेवा, लाल पेन गिऱ्हाइकाच्या हातात द्या आणि बदल त्यांनाच करायला लावा. काहीच बदल नसेल तर "बदल नाही" असं लिहून सही. ती प्रत जॉब कार्डाला, म्हणजे त्या कामाच्या नोंदीच्या कार्डाला, पिन करायची. काम डीटीपी (कॉम्प्युटरवर मजकूर लावणं), मशीन, बाइंडिंग असं जिथे जाईल तिथे कार्ड सोबत जातं. तोंडी निरोप कुणी कुणाला द्यायचा नाही. व्हॉट्सअॅपवर व्हॉइस मेसेज आला तर तो ऐकून कार्डावर उतरवायचा आणि कार्डाचा फोटो गिऱ्हाइकाला परत पाठवायचा.

बिलबुकात सगळ्यात जास्त चुकतो तो जीएसटी नंबर. तो पंधरा अक्षरांचा असतो आणि त्याची रचना ठरलेली आहे, त्यामुळे तपासायला सोपा. पहिले दोन आकडे राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे त्या माणसाचा किंवा फर्मचा पॅन: पाच इंग्रजी अक्षरं, चार आकडे, एक अक्षर. तेरावी जागा त्या पॅनवर त्या राज्यात कितवी नोंदणी आहे त्याची, चौदावं बहुतेक सगळ्यांचं झेड, पंधरावं तपासणीचं. गिऱ्हाइकाने हाताने लिहून आणलेल्या चिठ्ठीत शून्य आहे की ओ, हा वाद या रचनेनेच मिटतो. तिसऱ्या ते सातव्या जागेत गोल दिसला तर तो ओ, आठव्या ते अकराव्या जागेत दिसला तर शून्य. आम्ही कार्डावर पंधरा चौकोन छापून घेतलेत. अक्षर राहिलं तर चौकोन रिकामा दिसतो, जास्त झालं तर मावत नाही. पंधरावं अक्षर मात्र डोळ्यांनी कळत नाही, म्हणून जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकून फर्मचं नाव येतंय का ते पाहायचं.

फोन नंबरचं त्याहून सोपं. प्रूफवरचा (छपाईआधी तपासायला काढलेल्या प्रतीवरचा) नंबर, चिठ्ठीवरचा नव्हे, आपल्या मोबाइलवरून लावायचा. समोरच्या गिऱ्हाइकाच्या खिशात रिंग वाजली पाहिजे. पेमेंटचा क्यूआर कोडही छापील प्रूफवरूनच स्कॅन करायचा आणि अॅपमध्ये येणारं नाव त्यांना दाखवायचं. स्क्रीनवर चालणारा कोड लहान करून छापला की कधीकधी वाचलाच जात नाही.

पत्रिकेचं प्रकरण जरा नाजूक. बिलबुकातली चूक स्टिकर लावून झाकता येते, पण हयात माणसाच्या नावामागे 'कै.' लागला तर काय झाकणार? हे होतं ते बहुधा जुन्या पत्रिकेची फाइल घेऊन त्यात नावं बदलताना. म्हणून नावांच्या यादीखेरीज उपाध्यांची वेगळी फेरी घ्या. "कै. लावलेली नावं एवढीच ना? गं. भा. कोण कोण?" असं मोठ्याने विचारा. शक्यतो घरातल्या एखाद्या आत्या किंवा काकूला समोर बसवा. नवऱ्या मुलाला निम्मी नावं माहीत नसतात. तारीख, वार आणि तिथी ही तीन कॅलेंडर समोर ठेवून जुळवायची. वार चुकला तर चूक तारखेत आहे की वारात, ते आपण ठरवायचं नाही, विचारायचं. गावाच्या नावापुढे तालुका-जिल्हा घ्याच. आमच्याकडे नुसतं वडगाव म्हटलं तर वडगाव हवेली की पेठ वडगाव, हे पाव्हण्याला चुकीच्या गाडीत बसल्यावर कळतं.

फाँट हे आणखी एक दुखणं. हल्ली मजकूर व्हॉट्सअॅपवरून युनिकोडमध्ये येतो, आणि सुलेखनाच्या हौसेने आपण तो श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये नेतो. कन्व्हर्टरमधून जाताना 'ऱ्ह', 'ऱ्य', 'ॲ' असल्या अक्षरांचं काहीही होतं. आमच्या गावाच्या नावातच ऱ्ह आहे, तेव्हा हे दुखणं आम्हाला रोजचं. कन्व्हर्ट करण्याआधी वाचलेलं प्रूफ धरायचं नाही, नंतर पुन्हा वाचायचं. प्लेटला फाइल पाठवताना अक्षरं कर्व्हमध्ये करून, म्हणजे अक्षरांचं चित्र करून पाठवायची, म्हणजे पलीकडच्या कॉम्प्युटरवर फाँट नसला तरी अडत नाही.

प्रूफ कागदावर काढायचं आणि दोघांनी वाचायचं. एकाने मूळ चिठ्ठीवरून मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने प्रूफवर बोट ठेवून बघायचं. ज्याने टाइप केलं त्याने बोट ठेवायचं नाही, त्याला त्याने लिहायचं ठरवलेलंच दिसतं. लग्नसराईतही सही नसलेलं प्रूफ प्लेटला जाऊ देऊ नका. गिऱ्हाईक म्हणतं, "ताई, तुमच्यावर विश्वास आहे." चहा पाजा, पण वाचायला लावा.

आता कागद. इथे पैसा दिसत नाही, पण सर्वात जास्त गळतो. गिऱ्हाइकाला लेटरहेड ए-४ हवं असतं आणि सवयीने आपण २३×३६ इंचांची गड्डी फोडतो. तिचे १८×२३ चे दोन तुकडे केले तर प्रत्येकातून ए-४ तीनच निघतात, म्हणजे अख्ख्या शीटमधून सहा. जवळपास तीस टक्के कागद पट्ट्यांमध्ये जातो. त्याऐवजी २५×३६ घ्या. त्याचे १२.५×१८ चे चार तुकडे होतात, प्रत्येकावर दोन ए-४ बसतात आणि ग्रिपरलाही, म्हणजे मशीन शीट जिथे धरतं त्या कडेलाही, जागा उरते. शीटमागे कागद नऊ टक्के जास्त लागतो, नग सहाऐवजी आठ मिळतात. गिऱ्हाईक ए-४ वर अडून बसलं नसेल तर ९×११.५ सुचवा, मग २३×३६ मधूनच आठ निघतात. व्यापाऱ्याने दिलेली गड्डी वजनाने ताडून बघायचीही सवय लावा: लांबी गुणिले रुंदी इंचांत, गुणिले जीएसएम (चौरस मीटरमागे कागदाचे ग्रॅम), भागिले ३१०० केलं की पाचशे शीटचं वजन किलोत येतं. २३×३६, ७० जीएसएमची गड्डी १८.७ किलो भरली पाहिजे. पावसाळ्यात कृष्णेकाठच्या हवेत थोडी जड भरेल, पण हलकी भरली तर जीएसएम कमी आहे किंवा शीट.

मशीनवरच्या सूचना मामांच्या आहेत, मी फक्त लिहून काढते. सेटिंगला नवी शीट घालायची नाहीत, त्याच जाडीची जुनी खराब शीट ठेवायची. रजिस्टर (छाप नेमकी जागेवर बसणं) आणि शाई जमली की मध्ये एक रंगीत चिठ्ठी टाकायची, म्हणजे खराब माल चांगल्यात मिसळत नाही. एका शाईची कामं एका दिवशी घ्यायची आणि फिकटाकडून गडदकडे जायचं. काळ्यानंतर पिवळं लावलं तर रोलर धुण्यात अर्धी सकाळ आणि कॅनभर रॉकेल जातं. कटिंगला एक शीट आधी कापून, घडी घालून बघायची, मगच गड्डी.

बाइंडिंगमध्ये मला एका जपानी इंजिनिअरची युक्ती उपयोगी पडली. शिगेओ शिंगो १९६१ मध्ये यामादा इलेक्ट्रिकच्या कामाकडे बघत होते. तिथे स्विचमध्ये दोन स्प्रिंग बसवायच्या आणि कामगार एखादी विसरायचे. त्यांनी ओरडायला सांगितलं नाही. आधी दोन स्प्रिंग एका बशीत काढून ठेवायच्या, मग बसवायच्या, एवढंच ठरवलं. बशीत एक उरली की कळलं. आमच्याकडे वीस बुकांचं काम असेल तर वीस पुठ्ठे मोजून बाजूला येतात, बाकीचा गठ्ठा कपाटात. शेवटी पुठ्ठा उरला म्हणजे एक बुक कमी. पांढरा, गुलाबी, पिवळा असा एक नमुना सेट टेबलावर क्लिप लावून ठेवायचा. मालाच्या बिलाला तीन प्रती लागतात आणि पर्फोरेशन (फाडायची भोकांची रेघ) कोणत्या प्रतींना, हे प्रत्येक दुकानदाराचं वेगळं असतं.

नंबरिंगचं पान खराब झालं तर ते टाकायचं नाही. त्यासाठी लाल ट्रे ठेवा. खराब पान ट्रेमध्ये, आणि दिवसअखेर ट्रेमधले नंबर पुन्हा मारून जागेवर घालायचे. बिलाचा क्रमांक एका आर्थिक वर्षात सलग असावा लागतो. मधला एक गाळला तर गिऱ्हाइकाला मार्चमध्ये त्याचा सीए विचारतो, "८४७ नंबरचं बिल कुठंय?" आणि गिऱ्हाईक थेट आपल्या काउंटरवर येतं.