आयटीआयला मेकॅनिकचा ट्रेड: फॉर्म भरण्यापासून हात बसेपर्यंत

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडची पोरं मित्रानं जो ट्रेड टाकला तोच टाकून मोकळी होतात, तसं करू नका भो. आधी आपल्या तालुक्यात दुरुस्तीला काय येतं ते बघा. रावेर-यावलला केळी, म्हणजे ट्रॅक्टर न पाण्याच्या मोटारी, शिरपूर-धुळ्याला मुंबई-आग्रा हायवे, म्हणजे ट्रकचं काम. मेकॅनिक डिझेल आणि ट्रॅक्टर मेकॅनिक 1 वर्षाचे, मोटार मेकॅनिक आणि फिटर 2 वर्षांचे. भुसावळला रेल्वेत जायचं डोक्यात असेल तर फिटर नाहीतर इलेक्ट्रिशियन घ्या, तिथं इलेक्ट्रिक लोको शेड, म्हणजे विजेच्या रेल्वे इंजिनांच्या देखभालीची जागा आहे, डिझेलवाल्याला वाव कमी.

ऑनलाइन फॉर्ममधे ऑप्शनचा क्रम नीट लावा, पहिल्या नंबरला टाकलेलं लागलं तर तेच घ्यावं लागतं.

आता खरं सांगायचं ते हे. सुरवातीला कानस घेऊन लोखंड घासत बसावं लागतं, पोरांना वाटतं आम्ही इंजिन शिकायला आलो न हे काय चाललंय, आणि इथंच दांड्या सुरू होतात. दांडी मारू नका. त्या घासण्यातच हाताला सरळ रेघ कळते, काटकोन कळतो, आणि व्हर्नियर न मायक्रोमीटर ही बारीक माप घ्यायची साधनं, त्यातल्या व्हर्नियरवर 0.02 मिमी, मायक्रोमीटरवर 0.01 मिमी वाचायची सवय लागते. क्रँकची, म्हणजे इंजिनातल्या फिरत्या मुख्य दांड्याची झीज डोळ्याला दिसत नाही, मापालाच दिसते, आणि ज्याला माप घेता येत नाही तो नुसते पार्ट बदलत राहतो, पैसे शेतकऱ्याचे जातात.

प्रॅक्टिकलला इंजिन खोलताना मागं उभं राहून बघू नका, पाना स्वतः हातात घ्या. खोललेले नट-बोल्ट क्रमानं ट्रेमधे ठेवा, मोबाइलमधे फोटो काढा, वहीत लिहा. आणि कारण विचारायचं, सारखं विचारायचं. समजा जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाच्या ट्रॅक्टरचा डिझेल फिल्टर बदलला आणि गाडी चालूच होईना, तर डिझेलच्या लाइनमधे एअर (हवा) धरलेली असते, ब्लीड स्क्रू, म्हणजे हवा काढायचा स्क्रू ढिला करून हँड प्रायमर, म्हणजे डिझेल ढकलायचा हातपंप मारत राहायचं, बुडबुडे बंद होऊन नुसतं डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. हे माहीत नसलेला माणूस थेट पंपच खोलतो न नसता खर्च करून बसतो.

मल्टीमीटर, म्हणजे व्होल्ट न करंट मोजायचं मीटर, ते पण शिकाच, कारण 2023 पासून 50 एचपीच्या वरचे नवे ट्रॅक्टर नव्या प्रदूषण नियमाचे आहेत, त्यात सेन्सर न ईसीयू (इंजिन सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर) आले, नुसत्या कानावर फॉल्ट सापडत नाही.

संध्याकाळी गावातल्या चांगल्या मिस्तरीकडं जात जा, त्यानं पैसे नाही दिले तरी चालेल, गिऱ्हाइकाशी कसं बोलायचं ते तिथंच कळतं.

पास झाल्यावर अप्रेंटिसशिप, म्हणजे कंपनीत काम करत शिकायची संधी सोडू नका. सरकारी पोर्टलवर नाव नोंदवा, 1961 च्या कायद्यानुसार स्टायपेंड मिळतो. रेल्वेत अप्रेंटिसची निवड दहावी न आयटीआय दोन्हीच्या मार्कांवर होते, दहावीला किमान 50 टक्के लागतात. पुढं शिकायचं असेल तर 2 वर्षांचा ट्रेड करून डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेशाचा मार्ग आहे, जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्हीकडं सरकारी पॉलिटेक्निक आहेत.