शेजाऱ्याच्या जाचाने घरकुल सोडावं लागतंय? आधी हे कागद करा

कुलूप लावून निघण्याआधी एक गोष्ट पक्की करा: कागदावर तुम्ही त्या घराचे कोण आहात? म्हाडाच्या सोडतीत किंवा सोलापूरजवळच्या कुंभारीच्या रे नगर, गोदूताई परुळेकर वसाहतीसारख्या योजनेत घर तुमच्या नावावर निघालं असेल, तर तुम्ही लाभार्थी. महापालिकेच्या किंवा सरकारी क्वार्टरमध्ये भाडं भरत असाल, तर तिथे महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ लागू होत नाही. वाटपाच्या आदेशातल्या अटीच चालतात. आणि एखाद्या लाभार्थ्याकडून घर भाड्याने घेतलं असेल, तर तुमची जागा सगळ्यात नाजूक. तिच्याबद्दल पुढे लिहिलं आहे.

एक गैरसमज आधीच काढून टाका. शेजारी छळतो म्हणून दुसरं घर दिलंच पाहिजे, असं बंधन कोणत्या कायद्याने म्हाडावर किंवा महापालिकेवर घातलेलं नाही. अदलाबदलीचा अर्ज जरूर करा (सोलापूर म्हाडाच्या पुणे मंडळात येतं), पण त्याच्या भरवशावर थांबू नका. जीवावर बेतलं असेल तर आधी बाहेर पडा, ११२ लावा. कागद दुसऱ्या दिवशीही होतात.

पोलीस ठाण्यात काय सांगायचं

बहुतेक तक्रारी इथेच मरतात. "शेजारी शिव्या देतो, मारायची धमकी देतो" एवढंच सांगितलं की ठाणे अंमलदार एन.सी. (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून हातात देतात. साधी मारहाण आणि तोंडी धमकी बहुधा अदखलपात्र धरतात, आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय पोलीस त्यात तपास करू शकत नाहीत. म्हणून जे घडलं ते नेमकं सांगा. नळाला पाणी आल्या दिवशी भांडण झालं आणि तो उंबरठा ओलांडून आत आला, तर तो गृहअतिक्रमणाचा प्रकार आहे. जिन्यात आडवा उभा राहून त्याने तुम्हाला खाली जाऊ दिलं नाही, तर तो गैरनिरोध. हातात काठी, दगड, कोयता काय होतं. बाईचा हात धरला का, तिला उद्देशून काय बोलला, तिचा पाठलाग केला का. या बाबी दखलपात्र आहेत. "घरात घुसला" आणि "दारात आला" यात एका शब्दाचा फरक दिसतो, पण कलम त्यावरच ठरतं. जे घडलं नाही ते मात्र घालू नका. उलटतपासात तेवढंच बाहेर येतं आणि खरंही बुडतं.

जबाब मराठीत लिहिला जातो. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलत असाल तर सही करण्याआधी तो वाचून, समजावून घ्या. एफआयआरची प्रत फुकट मिळते. हद्द शहर आयुक्तालयाची की ग्रामीणची, असा घोळ घातला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ दाखवा: गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात नोंदवावा लागतो. दखलपात्र गुन्हा असूनही नोंदवत नसतील, तर तीच तक्रार शहरात पोलीस आयुक्तांना, ग्रामीणमध्ये पोलीस अधीक्षकांना स्पीड पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. तरीही हालचाल नसेल तर न्यायदंडाधिकारी.

एन.सी. एकच असली तर तिला किंमत कमी. तीन-चार जमल्या की त्याच नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली, म्हणजे लोक ज्याला चॅप्टर केस म्हणतात ती, कारवाई मागता येते. शहरात ती सहायक आयुक्तांपुढे चालते, ग्रामीणमध्ये तहसीलदारांपुढे. शांतता राखण्याचा बाँड जास्तीत जास्त एक वर्षाचा. यात खोच अशी की ठाणं पुष्कळदा दोन्ही बाजूंना एकाच मापाने मोजतं आणि तुमच्यावरही चॅप्टर लावतं. म्हणून त्याच्या आधी तुमची तारीखवार लेखी तक्रार दाखल असलेली बरी.

मार लागला असेल तर त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटलला जा आणि एम.एल.सी. (पोलीस प्रकरण म्हणून वैद्यकीय नोंद) करायला सांगा. व्हिडिओ असेल तर मूळ मोबाइल विकू नका, फॉरमॅट करू नका. न्यायालयात त्यासोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं प्रमाणपत्र द्यावं लागतं.

जातीवरून छळ असेल आणि तुम्ही अनुसूचित जाती किंवा जमातीचे असाल, तर अॅट्रॉसिटी कायद्याचं कलम ३(१)(झेड) मुद्दाम लिहून द्या. घर किंवा राहतं ठिकाण सोडायला भाग पाडणं हाच तिथे गुन्हा आहे, आणि तपास उपअधीक्षक किंवा सहायक आयुक्त दर्जाच्या अधिकाऱ्याकडे असतो. जात पंचायतीने वाळीत टाकलं असेल तर त्यासाठी २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

घर सोडताना

लाभार्थी असाल तर ज्या कार्यालयाने घर दिलं तिथे एक पानी पत्र द्या: अमुक तारखेपासून जीविताच्या भीतीने तात्पुरतं बाहेर राहत आहोत, ताबा आणि हक्क सोडलेला नाही, सोबत एन.सी. किंवा एफआयआरची प्रत. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. हे न करता गेलात आणि तपासणीत घर बंद दिसलं, तर "लाभार्थी राहत नाही" असा शेरा पडतो आणि नोटीस त्याच बंद दारावर चिकटते. नवा पत्ता कार्यालयाला वेगळ्या पत्राने कळवा. तक्रारीत मात्र माहेरचा किंवा वकिलाचा पत्ता देता येईल का ते विचारा, कारण एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर चढतो आणि आरोपीलाही मिळतो.

आणि कृपा करून नोटरीवर घर "विकू" नका. घाबरलेल्या माणसाकडे एजंट लगेच येतात. योजनेच्या घरांवर ठरावीक मुदत, साधारण पाच वर्षं, विक्रीबंदी असते. कुलमुखत्यारपत्र करून दिलं की पैसे अर्धे मिळतात आणि वाटप रद्द होण्याची टांगती तलवार तुमच्याच नावावर राहते.

लाभार्थ्याचे भाडेकरू असाल तर योजनेच्या कार्यालयात आधी धावू नका. मालकाला भाड्याने द्यायची परवानगीच नसेल, तर तुमची तक्रार तुम्हालाच बाहेर काढेल. पोलिसांकडे जायला ही अडचण नाही. करार नोंदवायची जबाबदारी भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे मालकाची. नोंदवला नसेल, तर अटींबद्दल तुमचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. डिपॉझिट बुडवायचा नेहमीचा बहाणा "नोटीस न देता गेले" हा असतो. म्हणून करारातल्या मुदतीची नोटीस लेखी द्या, व्हॉट्सअॅपवर आणि पोस्टाने, त्यात त्रासाच्या तारखा लिहा, किल्ली देताना सही घ्या.

वकिलाची फी झेपत नसेल तर जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. महिलांना आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. मुलांचा शाळेचा दाखला उशिरा आला म्हणून आठवीपर्यंत नवी सरकारी किंवा अनुदानित शाळा प्रवेश नाकारू शकत नाही.

राहिलेलं सामान आणायला एकटं जाऊ नका. ठाण्यात अर्ज देऊन एक शिपाई मागा, सामानाची यादी करा, रिकाम्या खोल्यांचे आणि मीटरच्या रीडिंगचे फोटो घ्या. वीजबिल भरत राहा. तुमच्या नावाचं चालू बिल ताब्याचा पुरावा म्हणून उपयोगी पडतं.