पहिलं कलम बांधण्याआधी

कलम बांधायला दहा मिनिटं लागतात, तयारीला चौदा महिने. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. पहिल्या वर्षी मी चाकू आणला, पट्ट्या आणल्या आणि अठरापैकी अठरा रोपं वाळवली. म्हणून ही यादी चाकूपासून सुरू करत नाही. मे महिन्यात रसाच्या जेवणानंतर परातीत उरलेल्या कोयींपासून करते.

आंबाच धरून चालते. आमच्या अंबाजोगाईकडे घरामागे एक तरी आंबा हवा असं ज्याला त्याला वाटतं आणि तोही केसर. मूळचा जुनागढकडचा हा आंबा आपल्याकडे इतका रुजला की 2016 साली ‘मराठवाडा केसर’ म्हणून त्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण केसरची कोय पुरली म्हणजे केसर येईल असं नाही. कोयीचं झाड आईच्या वळणावर जाईल याचा भरवसा नसतो. म्हणून मुळं गावरान आंब्याची आणि वरचं झाड केसरचं, अशी सोयरीक लावायची. खालच्या रोपाला खुंट म्हणतात, वर बसवायची ती कलमकाडी. सोयरीक भावकीतच जमते: आंब्यावर आंबा, बोराटीवर बोर, जांभेरीवर मोसंबी. चिंचेवर आंबा चढवायचा हट्ट धरू नका, शेजारचे कितीही सांगोत.

तर कोया. गावरान, आंबट-चिवट, भरपूर केसांच्या आंब्याच्या घ्या. ज्या झाडाला दुष्काळातही पानगळ झाली नाही, त्याच्या मिळाल्या तर सोन्याहून पिवळं. कोया धुऊन सावलीत दोन दिवस सुकवा, उन्हात नको. पत्र्यावर टाकाल तर आतला गर मरून जातो, मी तेच केलं होतं. मग बादलीभर पाण्यात सोडा आणि तरंगतील त्या काढून टाका. बारीक भोक दिसलं तर कोयीला भुंगा लागलाय, तीही फेका. उरलेल्या आठ-दहा दिवसांत मातीत गेल्या पाहिजेत, कारण महिनाभर पडून राहिलेली कोय बहुधा उगवत नाही. पाच झाडं हवी असतील तर पंचवीस कोया लावा. काही उगवणार नाहीत, काही वाकड्या येतील, काही शेळीच्या नशिबाच्या.

पिशव्या निदान फूटभर उंचीच्या घ्या. दुधाच्या पिशव्या फुकट मिळतात म्हणून मोह होतो, पण त्यात सोटमूळ खाली टेकतं, गुंडाळतं आणि ते झाड पुढे आयुष्यभर ठेंगणं राहतं. माती भरताना रानातली निव्वळ काळी माती भरू नका. ओली झाली की तिचा चिखल होतो, सुकली की भेगा पडून मुळं तुटतात. पोयटा म्हणजे गाळाची माती, कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळा, पिशवीला खाली भोकं पाडा. कोय फुगीर काठ वर करून पुरा, वर बोटभर माती टाका. साधारण दोन-तीन आठवड्यांत तांबूस कोंब दिसतो.

जागा स्वतःची असेल आणि झाड कुठे लावायचं ते पक्कं ठरलं असेल, तर पिशवीच्या भानगडीतच पडू नका असं माझं स्पष्ट मत आहे. मेमध्ये खड्डा घेऊन उन्हात तापू द्या, पावसाआधी शेणखत-मातीने भरा आणि मृगाचा पाऊस झाला की त्यात तीन कोया टोचा. पुढे त्यातलं एक सरळ रोप ठेवा. या झाडाचं सोटमूळ कधी तुटत नाही आणि ते सरळ खाली ओल शोधत जातं. ज्या मुलखात एका पावसाने ओढ दिली की विहिरी तळाला जातात, तिथे ही मोठी गोष्ट आहे. कलम मग त्याच जागेवर बांधायचं.

आता चौदा महिने का, ते सांगते. कोकणात कोय उगवून दहा-पंधरा दिवसांत, खोड अजून तांबडं असतानाच कलम बांधतात. त्याला कोय कलम म्हणतात. तिथली हवा पावसाळाभर ओली असते, काडी सुकत नाही. आपल्याकडे जुलैत आठ दिवस पाऊस नाही आणि वर वारा, असं दर वर्षी होतं. इतकं कोवळं कलम त्या वाऱ्यात टिकवणं नवख्याचं काम नाही. माझ्या अठरा रोपांचं हेच झालं. म्हणून पहिलं वर्ष खुंट नुसता वाढू द्या. पुढच्या पावसाळ्यात त्याला नवी फूट येईल, खोड पेन्सिलीएवढं होईल, आणि त्या नव्या, अजून लालसर असलेल्या कोवळ्या भागावर कलम बांधा. हे मृदकाष्ठ कलम. मुहूर्त पंचांगातच आहे: पुनर्वसूच्या अखेरीपासून मघांपर्यंत, म्हणजे साधारण मध्य जुलै ते ऑगस्ट. पोळ्याच्या पुढे ढकलू नका. पोळा आणि पाऊस झाला भोळा, हे कलमांनाही लागू आहे.

मधल्या काळात दोन कामं. पहिलं, ज्या झाडाची काडी घ्यायची ते झाड आजच पाहून ठेवा, फळ लागलेलं असताना. निव्वळ ऐकीव नको, खाऊन बघा. दर वर्षी धरणारं, निरोगी, दहा वर्षांच्या पुढचं झाड असेल तर उत्तम. ओळखीत नसेल तर संभाजीनगरच्या हिमायतबागेतलं फळ संशोधन केंद्र, परभणीचं कृषी विद्यापीठ किंवा तालुक्याची शासकीय रोपवाटिका इथे विचारा. ‘साहेब, चार काड्या द्या’ असं नम्रपणे आणि योग्य वेळी विचारलं, तर माणसं सहसा नाही म्हणत नाहीत.

दुसरं काम हाताचं. लिंबाच्या पन्नास काड्या तोडून आणा. (आमच्याकडे लिंब म्हणजे कडुलिंब, लोणच्याचं ते लिंबू.) एका काडीला उभी चीर द्या, दुसरीला पाचर तासा, एकीत एक बसवा, पट्टी गुंडाळा, सोडा, पुन्हा करा. पाचरीची बाजू एका ओढीत सपाट उतरली पाहिजे. टोचून टोचून तासलेली काडी लाटेसारखी होते, सांध्यात पोकळी राहते आणि पोकळीत बुरशी. मी संध्याकाळी ओट्यावर बसून काड्या तासायचे, तेव्हा आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई विचारायच्या, “हे काय करायलीस गं, दातून करायलीस का गावासाठी?” तिसाव्या काडीनंतर त्यांनीच हातातून ब्लेड घेतलं आणि माझ्यापेक्षा सरळ पाचर काढली. पन्नास वर्षं विळीवर भाजी चिरलेला हात तो.

हत्याराचं फार मनावर घेऊ नका. कलमाचा चाकू मिळाला तर घ्या, नाही तर दाढीचं नवं स्टेनलेस ब्लेड मधून मोडून एका बाजूला चिकटपट्टी लावा, पहिल्या वीस कलमांना पुरतं. चाकू असेल तर त्याने हाताचे केस निघतात का बघा. निघत नसतील तर दगडावर धार लावा. काड्या तोडायला सिकेटर, म्हणजे फांद्या छाटायची कात्री. पुसायला स्पिरिट आणि कापूस, कारण एका आजारी रोपावरचं पातं दुसऱ्यावर गेलं की दुखणंही जातं. बांधायला पातळ पॉलिथिनच्या दोन सेंटिमीटर रुंद, फूटभर लांब पट्ट्या, किमान चाळीस, आधी कापून ठेवलेल्या. आणि लहानपणी आपण पेप्सी म्हणून जो गोड बर्फ चोखायचो, त्याच्या लांबट नळीच्या पिशव्या. कलमावर टोपी घालायला याहून स्वस्त काही नाही. याशिवाय ओलं गोणपाट, सुतळी, आणि नाव-तारीख लिहायला पत्र्याच्या पट्ट्या. पत्र्यावर खिळ्याने कोरा. पेनाची शाई एका पावसात जाते आणि मग कुठलं कुठलं ते देवालाच ठाऊक.

आता या सगळ्यातलं मुख्य, काडीची तयारी. इथे बहुतेक जण घाई करतात. बांधायच्या दिवशी झाडावरून हिरवीगार काडी तोडली आणि बसवली, तर ती फुटायच्या आधीच सुकते. तीन-चार महिन्यांची, खुंटाएवढ्याच जाडीची, शेंड्याचा डोळा फुगलेला पण उघडला नाही अशी काडी हेरून ठेवा. मग बांधायच्या आठ-दहा दिवस आधी त्या झाडाखाली जाऊन तिची पानं कापा, फक्त पानं. देठ बोटाच्या पेराएवढे काडीवर राहू द्या, काडी झाडावरच राहू द्या. आठवड्याने पुन्हा जा आणि त्या देठाला अंगठ्याने हलकेच स्पर्श करा. देठ टपकन गळून पडला आणि मागे स्वच्छ कोरडा डाग दिसला, तर काडी तयार. ओढावं लागलं, तर अजून दोन दिवस. तेवढ्या दिवसांत शेंड्याचा डोळा टच्च भरतो. एवढं जरी तुम्ही नीट केलंत, तरी हात थोडा कच्चा असला तर चालतं.

तयार काडी सकाळी तोडा, वीतभर लांब. ओल्या फडक्यात गुंडाळून, वरून पिशवी बांधून आणा, शक्यतो त्याच दिवशी वापरा. आणि प्रत्येक काडीच्या खालच्या टोकाला तिरपा काप, वरच्याला काहीच नाही, ही खूण करून ठेवा. हसू नका. दुसऱ्या वर्षी गडबडीत मी तीन काड्या उलट्या बसवल्या होत्या. पंधरा दिवस त्या हिरव्या राहिल्या, मी खुशीत, आणि मग काळ्या पडल्या. डोळ्याची टोकं कुठे बघतात एवढं पाहिलं असतं तरी कळलं असतं.

बांधायच्या दिवशी आभाळ भरलेलं असावं पण पाऊस पडत नसावा. ऊन असेल तर संध्याकाळी चारच्या पुढे. आदल्या दिवशी खुंटांना पाणी द्या. पूर्ण बाह्यांचा सदरा घाला, कारण आंब्याचा चीक एखाद्याला बिब्ब्यासारखा उततो. खुंटाचा शेंडा नव्या लालसर भागात छाटा, खालची चार पानं ठेवा. मधोमध चार-पाच सेंटिमीटर उभी चीर, काडीला तेवढीच दोन्हीकडून पाचर. कापलेल्या भागाला बोट लावू नका. साल आणि लाकूड यांच्या मधे जो ओलसर हिरवट थर आहे, तो खुंटाचा आणि काडीचा एकमेकांना टेकला तरच सांधा जुळतो. काडी बारीक असेल तर मधोमध न बसवता एका कडेला सरकवा, एका बाजूचा थर तरी जुळेल. खालून वर घट्ट पट्टी, मग नळीची टोपी सांध्याखाली सुतळीने बांधायची. इथे ती दहा मिनिटं संपली.

पुढे तीन आठवडे हात आवरायचा. दर दोन दिवसांनी टोपी उचलून बघणाऱ्याची कलमं मरतात. पिशव्या सावलीच्या जाळीखाली किंवा घराच्या सावलीत ठेवा, पाणी मुळाशी घाला. डोळा फुटून हिरवी पानं टोपीला टेकली की संध्याकाळी टोपी काढा, भर दुपारी नको. सांध्याखाली खुंटाला जी फूट येते ती दर आठवड्याला नखाने खुडा. ती फार जोमदार असते, तिला राहू दिलं तर काडीचं अन्न तीच खाते. दोन-अडीच महिन्यांनी, दसरा-दिवाळीच्या सुमाराला, सांधा भरलेला दिसला की पट्टीला उभा काप देऊन ती सोडवा. विसरलात तर खोड जाड होताना पट्टी त्यात रुतते आणि पुढे एखाद्या वादळात झाड तिथेच मोडतं.

पंचवीसपैकी पहिल्या खेपेला दहा जगली तरी तुमचं बरं चाललंय. एक वर्ष थांबायचा धीर नसेल, तर तोवर बांधावरच्या बोराटीवर हात साफ करा. मार्चमध्ये ती जमिनीपासून वीतभर ठेवून कापा, आलेल्या फुटव्यांतला एक जोमदार ठेवा. जुलैत साल सहज सुटू लागली की उमराण जातीच्या बोराचा डोळा तिच्या सालीखाली बसवा. बोराटी मरत नाही, आपली चूक झाली तरी पुन्हा फुटते.

यादीतलं शेवटचं, पण मेमध्येच करून ठेवायचं: बाभळीच्या काटेरी फांद्या. आमच्या पहिल्या जगलेल्या केसरला कुंपण नव्हतं. शेजारची शेळी एका दुपारी सांध्याच्या वरचं सगळं खाऊन गेली. खालून महिनाभरात अशी सुंदर फूट आली की आम्ही आनंदाने तीच वाढवली, पाणी घातलं, आळं केलं. सहा वर्षांनी पहिले आंबे लागले, गोटीएवढे, आणि दात आंबणारे. ते झाड पाडायचं म्हटलं तर आत्याबाई आडव्या येतात. त्याच्या कैऱ्यांचं लोणचं दोन वर्षं टिकतं म्हणतात, आणि खुंटाला कोया मी आता त्याच्याच घेते.