देवगांडूळ ओळखायचा कसा?

आमच्या गगनबावड्याकडं पावसाळ्यात बांध खणताना देवगांडूळ निघतो आणि लोक साप समजून कुदळीनं तोडतात. फार जीव तुटतो. हा बेडकाच्या नात्यातला बिनपायांचा उभयचर आहे, माणसाला त्याच्यापासून काही धोका नाही.

आधी हात ओले करा. कोरड्या हातानं त्याची कातडी दुखावते. जबडा आणि दात दिसले तर गांडूळ नव्हे. कातडी ओलसर, अंगभर वलयं, बाहेरून खवले नाहीत, तर वाळा सापही नव्हे.

आता गट ठरवायचा. भिंग घेऊन डोळा शोधा, घाई नको. कातडीखाली डोळ्याचा ठिपका स्पष्ट, वलयं दाट आणि गुदद्वारामागं इवलीशी शेपटी असेल तर गट इक्थिओफिस. कुशीवर पिवळा पट्टा असला तर प्रश्नच मिटला, पण काही जातींत तो नसतो. डोळा हाडाखाली दडलेला, शेपटी नाही, वलयं विरळ, तर गेगेनिओफिस किंवा त्याच्या जवळचा. शेजारच्या सिंधुदुर्गातल्या आंबोलीतला गेगेनिओफिस डॅनिएली 2003 साली नवी जात म्हणून नोंदला गेला. जात मात्र वलयं मोजून तज्ज्ञांनीच सांगावी. तुम्ही डोक्याचा, कुशीचा, शेपटाकडचा फोटो काढा आणि त्याच ओल्या मातीत सोडा.